पुढचा उमेदवार

"पुढचा उमेदवार!" बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला.

उमेदवार एकच होती, आणि ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ओढणीला हात पुसत होती.

"जा," मी म्हटलं, "बोलावतायत."

"वहिनी, हात बघा ना माझे. नुसते गार पडलेत." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. खरोखरच गार होता.

"स्टोव्हजवळ बसून कुणाचे हात गार पडतात होय?" मी लसूण सोलत राहिले. "ऊठ. नाहीतर पुन्हा ओरडतील."

रोहिणी उठली, ड्रेस सारखा केला आणि दोन खोल्यांमधल्या सताड उघड्या दारावर टकटक केलं. "मे आय कम इन सर?"

"येस, कम इन. बसा. स्वतःबद्दल सांगा."

हे रोज संध्याकाळी चालायचं. कऱ्हाडातलं आमचं घर दोनच खोल्यांचं. बाहेरची खोली म्हणजे ऑफिस, आणि माझं स्वयंपाकघर म्हणजे वेटिंग रूम. उमेदवारानं थोडा वेळ ताटकळलंच पाहिजे असा ह्यांचा नियम होता. "निम्मे लोक वाट बघण्यातच गारद होतात," असं ते सांगायचे. टेबलावर लाल कापड, कापडावर आमच्या लग्नात आलेला, दोघांची नावं कोरलेला स्टीलचा ग्लास पाण्यानं भरून, आणि टेबलामागे हे. वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, खाली घरातला पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. टेबलाच्या कापडाखाली लेंगा दिसत नसे. मला मात्र स्वयंपाकघरातून तेवढा लेंगाच दिसायचा.

हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. संध्याकाळी पोरांच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायचे, तेही फुकट. आवड म्हणून. कसं बसायचं, कुठं बघायचं, छंद विचारला तर काय सांगायचं, निघताना पाठ कशी फिरवायची नाही, सगळं. आधी पोरं येत. पोरांचं मला काही नव्हतं. वेटिंग रूममध्ये ती चिवडा खायची आणि आत जाऊन चुकायची. एकालाही अजून नोकरी लागली नव्हती, तरी गल्लीत ह्यांना 'सर' म्हणत.

मग रोहिणी शेवाळे आली. पलीकडच्या गल्लीतली, वडील नसलेली, चुलत्यांकडे वाढलेली. नुकतीच बी.कॉम. झालेली. गावात महिलांची एक नवी बँक निघाली होती, तिथं तिनं अर्ज केला होता. कारकुनाची एकच जागा. ती मिळाली तर ठीक, नाहीतर वैशाखात चुलते तिचा बार उडवून मोकळे होणार होते. हे तिनं पहिल्याच दिवशी पाटावर बसून मला सांगितलं आणि वर हसली. हसायची फार. दात छान होते तिचे. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत.

खोटं कशाला बोलू, मी जळत होते. अंगाचा तिळपापड व्हायचा नुसता. हे ऑफिसातून आले की मला विचारायचे, "भाजी कसलीय?" बस्स. त्यापलीकडे दिवसभरात दुसरा प्रश्न नाही. आणि तिला? 'तुमच्यातला सर्वांत मोठा गुण कोणता?' 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता?' 'एखादा कठीण प्रसंग सांगा, त्यातून मार्ग कसा काढला?' मी इकडे पोळ्या लाटत ऐकायची. प्रसंग तर माझ्याकडे ढीगभर होते. कुणी विचारत नव्हतं.

तिचं उत्तर चुकलं की हे न चिडता समजावून सांगायचे. माझी आमटी खारट झाली की हाच माणूस ताट सरकवायचा.

"आवाज थोडा वर ठेव, रोहिणी. लाजायचं काय त्यात? आपलं नाव आपण ठणकावून सांगायचं."

मी पोळी उलटताना उलथनं जरा जोरात आपटलं.

"काय झालं गं?" बाहेरून विचारणा.

"काही नाही. उलथनं पडलं."

माझ्याजवळ एक हत्यार होतं, हे मात्र खरं. ते मी जपून ठेवलं होतं. मुलाखतीचे हे जे मोठे सर, ते जन्मात एकाही मुलाखतीत पास झाले नव्हते. लग्नाच्या वेळी हे साखर कारखान्यात हंगामी होते. आमचे मामंजी पाटबंधारे खात्यात असतानाच वारले आणि ह्यांना अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी घेतलं. मुलाखत नाही, काही नाही. एक अर्ज आणि एक मृत्यूचा दाखला. त्याआधी ह्यांच्या पदरी नुसते नकार होते, हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. स्वतः ह्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मनात यायचं, एकदा रोहिणीला पाटावर बसवावं, चहा द्यावा आणि हळूच सांगावं की बाई गं, तुझे सर असे आहेत. मग बघू हे दात किती दिसतात ते.

पण रोहिणीच एका संध्याकाळी म्हणाली, "वहिनी, सर फार मोठ्या मनाचे आहेत हो."

"का? काय केलं?"

"त्यांनी मला सांगितलं ना, त्यांची एकही मुलाखत कधी जमली नव्हती. आत गेलं की हात थरथरायचे म्हणे. टेबलाखाली लपवून बसायचे. एकदा पाण्याचा ग्लास उचलला तर साहेबांच्या कागदांवर सांडला. म्हणाले, माझी फजिती झाली तशी दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून हे करतो."

माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली.

हात थरथरायचे, हे मला माहीत नव्हतं. ग्लास सांडला, हे माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झालेली, एका ताटात जेवलेलो, आणि माझ्या नवऱ्याचे हात थरथरतात ही गोष्ट मला पलीकडच्या गल्लीतली पोरगी सांगत होती. हत्यार गेलं ते गेलंच, वर तेच माझ्या पोटात घुसलं. त्या रात्री मी ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण भाजी त्यांच्या आवडीची होती.

मुलाखत जवळ आली. एक दिवस रोहिणी दुपारीच आली, हे ऑफिसात असताना. तोंड उतरलेलं.

"वहिनी, मुलाखत घ्यायला सगळ्या बायकाच आहेत. बँकेच्या संचालक. पाचच्या पाच. आणि माझ्या तोंडात सर, सर एवढंच बसलंय. आज तुम्ही घ्या ना माझी मुलाखत."

"मी? मला काय येतंय?"

"नुसत्या समोर बसा. बाई म्हणून."

नको म्हणायला हवं होतं. पण त्या खुर्चीत बसायला मिळत होतं, आणि ती समोर, माझ्या प्रश्नांच्या तावडीत. मी पदर खोचला आणि टेबलामागे जाऊन बसले. तिथून खोली वेगळीच दिसली. माझं स्वयंपाकघर दिसलं, आणि ते फार लहान दिसलं.

"मे आय कम इन सर?"

"मी सर दिसते का तुला?"

"सॉरी वहिनी."

"मॅडम म्हण. बस. स्वतःबद्दल सांग."

तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. नाव, गाव, शिक्षण, छंद वाचन आणि समाजकार्य. प्रत्येक शब्द ह्यांचा होता, श्वास घ्यायची जागासुद्धा ह्यांचीच.

"कसलं समाजकार्य करतेस?"

हा प्रश्न ह्यांनी कधी विचारला नव्हता.

"समाजकार्य करत नसशील तर सांगू नको. पाच बायका बसल्यात तिथं. त्यांना खोटं लगेच कळतं. खरं काय करतेस घरी?"

"चुलतीच्या भिशीचा हिशेब ठेवते. गल्लीतल्या सगळ्या बायकांचा."

"मग बँकेत हे सांगायचं सोडून समाजकार्य कसलं सांगतेस?"

तिचे डोळे मोठे झाले. मलाही चव यायला लागली होती. खरं तर मला विचारायचे होते ते प्रश्न वेगळेच होते, आणि आता मला कोण अडवणार होतं?

"तुझे सर तुझ्याशी एवढं बोलतात. का बोलतात?"

"हा प्रश्न विचारतील?"

"विचारतीलही. सांग."

तिनं थोडा विचार केला. "मी परकी आहे ना, म्हणून. परक्या माणसाला सांगायला सोपं जातं. तुम्हाला ते घाबरतात."

"मला?"

"होय मॅडम. एकदा मी विचारलं, सर, तुम्ही वहिनींची मुलाखत घेता का कधी? तर म्हणाले, तिची मुलाखत घेण्याइतका मी मोठा नाही. आणि विषयच बदलला."

ह्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. टोमणाच वाटला. मी मुकाट्यानं पुढचा प्रश्न विचारला. "लग्न झाल्यावर नोकरी सोडशील का?"

आणि पोरगी रडायला लागली. ओढणीत तोंड खुपसून. मग कळलं ते असं, की मुलाखतीच्या दिवशीच चुलत्यांनी पाहुणे बोलावले होते, तिला बघायला. सकाळी अकराला. मुलाखतही अकरालाच.

"काका म्हणतात, मुलाखती काय, छप्पन्न निघतील. असलं स्थळ पुन्हा येणार नाही. मी काय करू वहिनी?"

"जायचं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मुलाखतीला जायचं. हळदीच्या अंगानं जावं लागलं तरी जायचं."

"हळद? अजून तर नुसतेच बघायला यायचेत."

"काही नाही. तू जा. सकाळीच घरातून नीघ, देवळात जाते म्हणून. काकांचं मी बघते."

हे मी तिच्या प्रेमापोटी केलं असं कुणी समजू नये. तिला जा म्हणत होते तेव्हाही माझ्या पोटात दुखतच होतं.

मुलाखतीच्या दिवशी साडेअकराला तिचे चुलते आमच्या दारात आले. पटका, मिशा, कपाळावर आठ्या. "पोरगी हितं आली का? पावनं येऊन बसल्यात!"

हे ऑफिसात होते. मी म्हटलं, "येईलच. आत या ना, बसा." आणि त्यांना वेटिंग रूममध्ये नेऊन पाटावर बसवलं. चहा दिला. पोहे दिले. पाहुण्यांचं गाव विचारलं, मुलाचा पगार विचारला, मुलाच्या आईचं माहेर विचारलं. कुणी इतकं मन लावून विचारलं की माणूस सांगत सुटतो, हे मी आता शिकले होते. काका पोह्यांवर लिंबू पिळून घेत सांगत राहिले. ती परत आली तेव्हा ते तिसरा चहा पीत होते. पाहुणे कंटाळून निघून गेले होते.

काका तिला माझ्यासमोरच खूप बोलले. ती खाली मान घालून ऐकत होती, पण दात दिसत होते.

जागा तिला मिळाली. पेढे घेऊन आली तेव्हा हे नुकतेच ऑफिसातून आले होते. ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ह्यांच्या हातून गेलेला उमेदवार पहिल्यांदाच पास झाला होता. ती ह्यांच्या पाया पडली. मग माझ्या पडली.

"काय काय विचारलं, ते सविस्तर सांग," हे खुर्ची पुढं ओढून म्हणाले. "डोळ्यांत बघून बोललीस ना? पाठ नाही ना फिरवलीस?"

"सर, खरं सांगू? तुम्ही शिकवलेलं त्यांनी काहीच विचारलं नाही. वहिनींनी घेतली होती ना, अगदी तशीच झाली. भिशीचं सांगितल्यावर त्या पाचही जणी पुढं सरकून बसल्या. तासभर भिशीवरच. आणि लग्नानंतर नोकरी सोडाल का, हेही विचारलंच. वहिनींनी दिली नोकरी मला."

ह्यांचा चेहरा पडला. हसू तसंच होतं, पण त्याच्या मागचं काहीतरी निघून गेलं होतं. हा चेहरा मी ओळखत होते. गेले कित्येक दिवस तो माझाच होता.

ती गेल्यावर मी पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. हे टाय न काढताच येऊन दारात उभे राहिले.

"एक दिवस प्रश्न विचारलेस आणि श्रेय सगळं तुझं," हे हसत म्हणाले, पण ते हसणं नव्हतं.

"मी मागितलं का श्रेय?"

"तू तिच्यावर जळत होतीस, हे मला कळत नव्हतं असं वाटतं का तुला? उलथनी आपटत होतीस. अगं, ती मला मुलीसारखी आहे."

मी ताट खाली ठेवलं. तांदूळ जमिनीवर सांडले. "तुमच्यावरून कोण जळतंय? तुम्ही तिला दिवसभर समोर बसवून ठेवा, मला काय त्याचं? मला तिची खुर्ची पाहिजे होती! तिला बोलावणं आलं होतं, तसं मलाही आलं होतं. विमा कंपनीचं. बी.कॉम.ला पहिला वर्ग होता माझा. हळद लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. हळदीच्या अंगानं नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो म्हणून आईनं मला कोंडून घातल्यासारखं बसवलं. घड्याळात अकरा वाजलेले मी बघितले. पिवळे हात मांडीवर ठेवून बघितले. ती मुलाखत जळते माझ्या आत. ती! तुम्ही नाही!"

इतकं मी लग्नानंतर एका दमात कधी बोलले नव्हते. हे वळले आणि बाहेर गेले. मला वाटलं चप्पल घालून निघाले. मी सांडलेले तांदूळ गोळा करायला लागले.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग आवाज आला, रोजच्यासारखा ठणठणीत मात्र नव्हता.

"पुढचा उमेदवार."

मी तशीच बसून राहिले.

"इंदू," हे म्हणाले, "ये ना."

मी उठले. हात पुसले. उघड्या दारावर टकटक केलं नाही, सरळ गेले आणि रोहिणीच्या खुर्चीत बसले. दिवेलागणीची वेळ होती. मध्ये लाल कापड होतं आणि आमची दोघांची नावं कोरलेला ग्लास.

"स्वतःबद्दल सांगा," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि मला काही सुचेना. इतके दिवस स्वयंपाकघरात बसून हजार उत्तरं दिली होती मनात. हे माझ्याकडे बघत नव्हते. ग्लासाकडे बघत होते.

"त्याआधी मला एक सांगायचंय," हे म्हणाले. "तुझे वडील आले होते माझ्याकडे. हळदीच्या चार दिवस आधी. म्हणाले, पोरीची मुलाखत आहे, घरात बायका ऐकत नाहीत, पण तुम्ही म्हणालात तर हळद पुढं ढकलता येईल. लग्नाच्या दिवशी सकाळी लावू. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

"बाबा आले होते?"

"मी नाही म्हटलं."

बाबांनी मला मरेपर्यंत हे सांगितलं नव्हतं. जावयाचं नाव राखलं होतं त्यांनी.

"का?"

"माझी तेव्हा नुकतीच सातवी मुलाखत वाया गेली होती. तीच, पाणी सांडलं ती. तू पहिल्याच झटक्यात लागली असतीस, इंदू. मला तेव्हाच दिसत होतं. मग लग्नात लोकांनी म्हटलं असतं, नवरी विमा कंपनीत आणि नवरा हंगामी. तू रोहिणीवर महिनाभर जळलीस. मी तुझ्यावर लग्नाच्या आधीपासून."

माझ्या मनात काय काय आलं ते आज एवढ्या वर्षांनीही सांगता येणार नाही. ओरडावंसं वाटलं. उठून बाबांच्या फोटोपाशी जावंसं वाटलं. पण मी त्या खुर्चीत बसले होते, आणि ती सोडावीशी वाटेना. ह्यांचे हात दिसत नव्हते. टेबलाखाली, लेंग्याच्या मांडीवर असणार.

"हात वर घ्या," मी म्हटलं. "टेबलावर ठेवा."

"कशाला?"

"ठेवा."

ह्यांनी हात लाल कापडावर ठेवले. ते थरथरत होते. बोटं, मनगटं, सगळंच. कापडाबरोबर ग्लासातलं पाणीही हलत होतं. ही गोष्ट रोहिणीनं फक्त ऐकली होती. तिला दाखवली नव्हती त्यांनी.

मी ते हात धरले नाहीत. तेवढी दया मला त्या दिवशी आली नाही. मी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं, ते सगळ्यांना शिकवत तसं.

"माझं नाव इंदुमती कुंभोजकर," मी ठणकावून सांगितलं. "बी.कॉम., पहिला वर्ग. छंद काही नाही, आजपर्यंत सवड मिळाली नाही. ही माझी दुसरी मुलाखत. पहिलीला मला जाऊ दिलं नाही."

ह्यांचे हात तसेच थरथरत होते.

"थरथरू द्या," मी म्हटलं. "पुढचा प्रश्न विचारा."